सलिमिनीचे शब्द, रेबमानचा कोश

या कोशाच्या मुखपृष्ठावर दोन काळ आहेत. कोश सिद्ध झाला १८५३-५४ मध्ये आणि छापून निघाला १८७७ मध्ये, स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराजवळ सेंट क्रिशोना इथे. मधल्या तेवीस वर्षांत लेखकाची दृष्टी गेली आणि छपाईच्या आदल्याच वर्षी लेखकही गेला. हस्तलिखित मार्गी लावलं त्याचे जुने सहकारी डॉ. लुडविग क्राफ यांनी. लेखक योहान्नेस रेबमान, कोश 'किनियासा' भाषेचा, म्हणजे न्यासा सरोवराच्या बाजूला बोलल्या जाणाऱ्या भाषेचा. आज तिला चेवा किंवा न्यांजा म्हणतात आणि ती मलावी देशाची मुख्य भाषा आहे. लिव्हिंगस्टन त्या सरोवरापाशी पोचला १८५९ साली. रेबमान तिथे कधीच गेला नाही. त्याने हा कोश केला मोंबासाजवळच्या राबाई गावी बसून, बव्हंशी एका माणसाला विचारून विचारून.

त्या माणसाचं नाव सलिमिनी. नाव किनाऱ्यावरचं, स्वाहिली वळणाचं. जन्माचं नाव वेगळं असणार. सुमारे दहा वर्षांपूर्वी त्याला त्याच्या मुलखातून धरून आणलं होतं आणि तो गुलाम म्हणून राहत होता. त्याचं गाव म्फांदे, आजच्या लिलाँग्वेच्या आसपासचं असावं. रेबमान विचारायचा, सलिमिनी सांगायचा, मधली भाषा बहुधा स्वाहिली, आणि अर्थ लिहिले जायचे इंग्रजीत, कारण मिशन लंडनचं होतं. लिहिणाऱ्याची मातृभाषा मात्र यांतली एकही नाही. तो श्वेबियन बोलणारा, श्टुटगार्टच्या पश्चिमेला लागून असलेल्या गेर्लिंगेन गावचा.

गेर्लिंगेन तेव्हा द्राक्षमळ्यांचं खेडं होतं. महाकवी शिलरचे वडील शेजारच्या सॉलिट्यूड राजवाड्यात बागांवर देखरेख करायचे. ते पुरले आहेत गेर्लिंगेनलाच. आज या गावाचं नाव घेतलं की लोकांना बॉश कंपनीचं शिलरहोएवरचं मुख्यालय आठवतं, आणि नाशिक-पुण्याच्या इंजिनिअरांना तर नक्कीच. पण भाषांच्या अभ्यासात रस असणाऱ्याला हे गाव दुसऱ्याच कारणासाठी माहीत असायला हवं. एकाच खेड्यातून, पाच वर्षांच्या अंतराने, दोन मुलं निघाली: १८२० साली जन्मलेला रेबमान आणि १८२५ साली जन्मलेला योहान्नेस त्सिमरमान. दोघंही बाझेलच्या मिशन शाळेत शिकले. रेबमान पूर्व आफ्रिकेत गेला, बेकरीत उमेदवारी केलेला त्सिमरमान पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये. दोघांनी एकेका भाषेचं पहिलं मोठं दप्तर लिहून ठेवलं आणि दोघंही १८७६ साली, दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने वारले, रेबमान शेजारच्या कोर्नटाल गावी आणि त्सिमरमान गेर्लिंगेनमध्ये.

त्या काळच्या वुर्टेमबर्गमध्ये हे काही अगदी नवल नव्हतं. गुंडर्ट श्टुटगार्टचा, त्याचा मल्याळम कोश १८७२ साली मंगळूरला छापला गेला, आणि आपल्या कोकणातल्या घरांवरची मंगलोरी कौलं प्रथम काढली ती त्याच बाझेल मिशनच्या कारखान्याने. क्राफ ट्युबिंगेनजवळचा. ट्वी भाषेचा ख्रिस्टालर विन्नेंडेनचा. बायबलातल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचणारी, भक्तीची शिस्त अंगात मुरलेली ही मंडळी. परक्या भाषेचा शब्दही त्यांनी तसाच बोट ठेवून वाचला. धर्मप्रसाराच्या हेतूबद्दल कुणाचं काहीही मत असो (माझं फारसं अनुकूल नाही), त्या वह्यांची किंमत त्याने कमी होत नाही.

आता कोशातली एक नोंद जवळून पाहू. एका झाडाला सलिमिनी 'काम्फोनी' म्हणतो. रेबमान ते लिहून घेतो. पण सलिमिनी तेवढ्यावर थांबत नाही. तो सांगतो की दक्षिणेकडचे मारावी लोक याच झाडाला 'मोंबो' म्हणतात. आपली बोली ती 'किकाम्तुंदा', म्हणजे पठारावरची. त्यांची ती 'किमारावी'. रेबमानने ही दोन्ही नावं, दोन्ही बोली, आणि कुठला शब्द कुणाचा हा भेद, सगळं टिपून ठेवलं आहे.

या नोंदीपाशी मी दर वेळी रेंगाळतो. गुलाम म्हणून आणलेला माणूस, स्वतःच्या मुलखापासून शेकडो मैलांवर, दहा वर्षं दुसऱ्याच भाषेत राबतोय. आणि तरी त्याला आपल्या बोलीची शीव कुठे संपते हे नेमकं ठाऊक आहे. पकडला गेला तेव्हा तो पोरसवदा नसावा, जाणता असावा. लहानपणी उचललेल्या मुलाला झाडाचं नाव आठवेल. पलीकडच्या मुलखातले लोक त्याला काय म्हणतात हे सांगायला बाजारहाट केलेला, सोयऱ्याधायऱ्यांत वावरलेला माणूस लागतो. आणि विचारणाराही तसाच हवा. घाईचा कोशकार असता तर त्याने एक शब्द घेतला असता, दुसरा सोडला असता, किंवा दोन्ही समानार्थी म्हणून शेजारी लावून दिले असते. मोल्सवर्थच्या मराठी कोशात कोकणातल्या शब्दापुढे खूण असते, तिची किंमत कोश वापरणाऱ्याला कळते. पण मोल्सवर्थकडे शास्त्र्यांचा ताफा होता आणि कंपनी सरकारचा पैसा. इथे एक खोली, दोन माणसं.

एकाच माणसाच्या तोंडून घेतलेला कोश म्हणजे अपुरा कोश, हा आक्षेप घेता येतो आणि तो बरोबर आहे. बायकांच्या तोंडचे शब्द, विधींचे शब्द, मुलांच्या खेळातले शब्द अशा ठिकाणी सलिमिनी कमी पडला असणार. पण या एकटेपणाचा एक फायदाही आहे. नंतरच्या कोशांत पाच गावांचे शब्द एकत्र शिजतात आणि कुठला कुठला हे कळेनासं होतं. इथे प्रत्येक शब्द एका माणसाचा, एका गावचा, एका काळचा आहे: साधारण १८४० च्या आसपासची म्फांदे गावची चेवा, जी सलिमिनी बरोबर घेऊन आला आणि जिच्यात पुढच्या बदलांची सरमिसळ झाली नाही. १८३१-३२ च्या मोहिमेत पोर्तुगीज अधिकारी गामितोने या भाषेचे काही शब्द टिपले होते, पण ती यादी होती. कोश हा पहिला.

याच काळात रेबमानने आणखी एक काम केलं आणि त्याच्याशी हा कोश ताडून पाहण्यासारखा आहे. सहकारी एरहार्ट आणि त्याने मिळून, किनाऱ्यावर येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि गुलामांच्या सांगण्यावरून आफ्रिकेच्या अंतर्भागाचा एक नकाशा केला. १८५६ साली पेटरमानच्या भूगोलविषयक नियतकालिकात तो आला आणि युरोपात खळबळ उडाली, कारण त्यात आफ्रिकेच्या पोटात एकच प्रचंड लांबोडकं सरोवर होतं, गोगलगायीसारखं पसरलेलं. लोकांनी त्याची चेष्टा केली, पण ते कोडं सोडवायलाच बर्टन आणि स्पीक हे इंग्रज प्रवासी निघाले आणि तिथे एकाऐवजी तीन सरोवरं निघाली: व्हिक्टोरिया, टांगानिका, न्यासा. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या माणसांनी आपापल्या वाटेवरचं मोठं पाणी सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी ती सगळी पाणी एक केली.

कान तेच, सांगणारेही तसलेच, मग नकाशा का चुकला आणि कोश का टिकला? सरोवर किती लांब हे सांगणारा ऐकीव सांगत असतो; त्याने सगळा काठ फिरून पाहिलेला नसतो. आपल्या भाषेत झाडाला काय म्हणतात हे सांगणारा ऐकीव सांगत नाही, तो स्वतःच पुरावा असतो. भूगोलात सलिमिनी साक्षीदार असता तर उलटतपासणी करावी लागली असती. भाषेत तो शेवटचा शब्द आहे. रेबमानला हा फरक कळला होता की नाही सांगवत नाही, पण त्याचा हात मात्र योग्य ठिकाणी चालला. किलिमांजारोचंही असंच. ११ मे १८४८ रोजी त्याने डोंगराच्या माथ्यावरचं पांढरं पाहिलं; वाटाड्याने त्याला नुसतं 'गार' म्हटलं; रेबमानने बर्फ असं लिहिलं. लंडनच्या कूली नावाच्या पंडिताने घरबसल्या ठरवलं की विषुववृत्तावर बर्फ असूच शकत नाही. खरं ठरलं ते वाटाड्याचं 'गार'.

ध्वनींकडे वळलं की हा कोश मराठी वाचकाला विशेष मजा देतो. चेवा भाषेत क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे वेगळे वर्ण आहेत, अगदी आपल्यासारखे. 'म्फांदे' आणि 'काम्फोनी' यांतला फ ओठ मिटूनच उच्चारायचा. डोंगराला 'फिरी' म्हणतात, तोही आपल्या 'फिरणे' मधल्या फ चाच. मराठी माणसाला यात काहीच कष्ट नाहीत. श्वेबियन माणसाचे हाल विचारा: त्याच्या बोलीत प-ब आणि त-द यांतलं अंतरसुद्धा पुसट. ज्या कानाला घरी प आणि ब एकसारखे वाटायचे, त्याला प आणि फ वेगळे ऐकायचे होते. भरीला चेवा भाषेत ल आणि र हे एकाच वर्णाचे दोन उच्चार. कुठे ल लिहावा, कुठे र, हा गोंधळ वेगळाच. कोश म्हणजे नेहमी दोन कानांमधली तडजोड असते, आणि इथे ती तडजोड किती अवघड होती हे या दोन ओळींत कळतं.

आणि ङ. आपल्या अंकलिपीत ग गणपतीचा, घ घराचा, आणि ङ चा चौकोन रिकामा, कारण ङ ने सुरू होणारा शब्दच आपल्याकडे नाही; 'वाङ्मय' मध्ये तो बिचारा मधल्या रांगेत दाटीवाटीने उभा असतो. चेवा भाषेत गाय म्हणजे 'ङोम्बे'. मलावीच्या मुलाच्या अंकलिपीत ङ गाईचा असू शकेल!

एक गोष्ट मात्र या कोशाच्या लिपीत मावली नाही: सूर. 'म्तेंगो' शब्दातला पहिला ए चढा म्हटला तर झाड, सगळा शब्द सपाट म्हटला तर किंमत. सलिमिनीच्या तोंडी हा भेद रोजचा. कागदावर दोन्ही शब्द जुळे भाऊ. रेबमानला यासाठी फार दोष देता येत नाही. सुरांची बारकाईने नोंद करणारं मोठं काम म्हणजे ख्रिस्टालरचं ट्वी व्याकरण, आणि ते आलं १८७५ साली. परक्या भाषांसाठी एक समान लिपी हवी या विचाराने लेप्सिउसची 'प्रमाण वर्णमाला' जर्मनमध्ये छापली गेली तेव्हाही १८५५ साल उजाडलं होतं. सलिमिनीला प्रश्न विचारले जात होते ते त्याआधी.

व्याकरणाचं सांगायचं तर चेवा हे जुळवाजुळवीचं राज्य आहे. माणूस 'मुंथु', माणसं 'आंथु'. दोन माणसं 'आंथु आविरी', दोन झाडं 'मितेंगो इविरी', दोन वर्षं 'झाका झिविरी'. नामाच्या डोक्यावरचा मुकुट बदलला की संख्येच्याही डोक्यावर तसाच चढतो. दोघे पुरुष, दोघी बायका, दोन झाडं म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे परकं वाटू नये. फक्त आपण शेपटीला हात लावतो आणि ते डोक्याला, आणि त्यामुळे कोशकाराचा पेच होतो: एकवचन 'म' मध्ये, अनेकवचन 'आ' मध्ये, एकाच शब्दाचे दोन तुकडे कोशाच्या दोन टोकांना.

याहून सुंदर आहे ती स्वरांची जुळवण. 'फिका' म्हणजे शिजव. कुणासाठी तरी शिजव म्हणायचं तर 'फिकिरा'. 'त्सेका' म्हणजे बंद कर. त्याचं मात्र 'त्सेकेरा'. धातूत ए आहे म्हणून प्रत्ययही इ सोडून ए घेतो. मराठीत याच्या उलट होतं: 'फूल'ला 'ला' लावला की फूलच आखडतं, 'फुलाला' होतं, 'बहीण' ची 'बहिणीला'. आपल्याकडे प्रत्यय येतो आणि शब्दाला नमवतो. चेवात शब्द जागचा हलत नाही, प्रत्यय त्याचा स्वर पाहून कपडे घालून येतो.

ही स्वरसंगती जगात सर्वांत प्रसिद्ध आहे ती तुर्की, फिनिश आणि मंगोल भाषांमुळे. आजच्या खाल्खा मंगोलमध्ये 'गेर' म्हणजे घर, घरातून म्हणजे 'गेरेऽस'. 'आव' म्हणजे वडील, वडिलांकडून म्हणजे 'आवाऽस'. 'आऽस' आणि 'एऽस' हा एकच प्रत्यय, पण शब्दात आ-गटाचे स्वर की ए-गटाचे, हे पाहून तो आपलं रूप ठरवतो. जात तीच, नियम वेगळा: खाल्खा मंगोल स्वर जिभेच्या मुळाच्या पुढे-मागे होण्यावर जुळतात, चेवा स्वर उंची-खोलीवर. आणि गंमत अशी की मंगोल भाषांची काही आरंभीची व्याकरणंही याच भाविक जर्मन जगातून आली. हर्नहुटपंथी म्हणजे मोरावियन मिशनऱ्यांची व्होल्गाकाठी सारेप्टा नावाची वसाहत होती आणि तिच्या अवतीभवती काल्मिक मंगोलांचे तांडे. त्या काल्मिकांत वावरलेल्या इसाक याकोब श्मिटचं मंगोल व्याकरण १८३१ साली सेंट पीटर्सबर्गला निघालं. सारेप्टाच्या हाइनरिश आउगुस्ट त्स्विकचं पश्चिम मंगोल म्हणजे काल्मिक भाषेचं व्याकरण १८५१ साली बाहेर पडलं ते श्वार्त्सवाल्डच्या जंगलातल्या क्योनिग्सफेल्ड नावाच्या छोट्याशा गावातून. काल्मिकांची भाषा आणि न्यासाकाठची भाषा, स्टेप आणि सव्हाना. एक वही गेर्लिंगेनपासून फार लांब नसलेल्या टेबलावर, दुसरी राबाईत गेर्लिंगेनच्या माणसासमोर, अशा दोन्ही दोन-तीन वर्षांच्या अंतराने उघड्या होत्या. त्स्विककडे मात्र एक मोठी सोय होती: काल्मिकांची स्वतःची लिपी, झाया पंडिताने १६४८ साली केलेली, प्रत्येक स्वराला वेगळी खूण असलेली. त्स्विकला स्वर वाचता येत होते. रेबमानकडे फक्त सलिमिनीचा आवाज.

गेर्लिंगेनच्या दुसऱ्या मुलाचं, त्सिमरमानचं पुस्तक, म्हणजे घानातल्या गा भाषेचं व्याकरण, १८५८ साली श्टुटगार्टला छापलं गेलं, आणि स्पष्टच सांगायचं तर पुस्तक म्हणून ते रेबमानच्या कोशाहून सरस आहे. त्याच्या शीर्षकातच 'स्थानिकांच्या तोंडून' घेतलेल्या नमुन्यांचा उल्लेख आहे आणि ते वचन तो पाळतो: म्हणी, गोष्टी, बोलणी. पुढे रिचर्ड बर्टनने १८६५ साली पश्चिम आफ्रिकेच्या म्हणींचं पुस्तक काढलं तेव्हा गा म्हणींसाठी त्याने त्सिमरमानकडेच हात पसरला. त्सिमरमानच्या आधी रास्मुस रास्कने १८२८ साली कोपनहेगनमधून या भाषेचं एक पुस्तक लिहिलं होतं, आफ्रिकेत पाऊल न टाकता. त्सिमरमान मात्र भाषेत राहत होता. त्याची बायको कॅथरीन मलग्रेव्ह. अंगोलात जन्मलेली, लहानपणी पळवून नेलेली, जमैकाच्या किनाऱ्यावर जहाज फुटल्याने सुटलेली आणि पुढे तिथल्या हर्नहुटपंथीयांबरोबर आफ्रिकेत परत आलेली शिक्षिका. १८५१ साली झालेलं हे लग्न बाझेलच्या समितीला मान्य नव्हतं. त्सिमरमानच्या व्याकरणात जो भरलेल्या घराचा गलबला ऐकू येतो त्याचं एक कारण हे घर असावं. रेबमानचा कोश त्यापुढे सडाफटिंग, कोरडा. तरी दोन्हींतलं एकच ठेवायला सांगितलं तर मी काम्फोनीच्या नोंदीसाठी रेबमान ठेवीन.

या कोशाचा एक धागा थेट नाशिकला येतो. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात नाशिकबाहेर शरणपूर वसवलं. शरणपूर रोड हे नाव त्याचंच. इंग्रजी आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली की सुटलेली मुलं मुंबईला उतरवत, आणि त्यांतली कित्येक शरणपूरला येत. तिथे लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम. १८६५ साली लिव्हिंगस्टनने आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी यांतलेच नऊ तरुण घेतले. त्याच्या आदल्या वर्षी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे दोघे राबाईला पोचले होते, रेबमानच्या हाताखाली. सलिमिनीला ज्या वाटेने किनाऱ्यावर आणलं तसल्याच वाटांनी ही मुलंही आली होती. यांचं गलबत पकडलं गेलं एवढाच फरक. नाशिकच्या पेठेतली भाषा कानावर पडलेली ही माणसं राबाईत आली तेव्हा सलिमिनीच्या शब्दांच्या वह्या तिथेच होत्या. १८७५ साली प्राइस मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही सुटलेल्या गुलामांची वसाहत वसवत होता, तेव्हा जवळजवळ आंधळा झालेला रेबमान एकोणतीस वर्षांत प्रथमच मायदेशी निघाला, इसाक न्योंडो या आफ्रिकी सोबत्याचा हात धरून.

कोश छापला गेला आणि लवकरच मागे पडला. १८८० साली रिडलचं छोटं व्याकरण आलं, १८९२ साली डेव्हिड क्लेमंट स्कॉटचा जाडजूड 'मांगांजा' कोश आला, आणि रेबमानला कोण विचारणार? स्टीव्हन पास यांनी २०११ साली रेबमानवर पुस्तक काढलं. त्यात अँड्रू गुडसन यांचा एक लेख आहे, या कोशातल्या भाषेवर. त्याचं शीर्षक 'सलिमिनीची चिचेवा' असं आहे. मुखपृष्ठावर जे नाव कधी आलं नाही ते निदान तिथे आलं.

ज्याला हा कोश वाचायचा असेल त्याने 'अ' पासून सुरुवात करू नये. आधी झाडांची नावं काढावीत, कारण सलिमिनीचा आवाज तिथे मोकळा होतो. शेजारी स्कॉटचा कोश उघडा ठेवावा. स्कॉटची मांगांजा दक्षिणेकडची, शिरे नदीच्या अंगाची. त्यामुळे सलिमिनी जिथे 'आमच्याकडे असं म्हणत नाहीत' म्हणतो, तिथे स्कॉटकडे बहुधा 'म्हणतात' सापडेल.